मांजराची किंमत की कागदाची? जातिवंत पिल्लाच्या शोधात एका प्रदर्शनाची फेरी

बकरा कसा घ्यावा हे आमच्या वाचकांना शिकवण्याची गरज नाही. बकरी ईदच्या आधी देवनारला गेलेला शाळकरी मुलगाही बकऱ्याचा ओठ वर करून दात पाहतो, कान-शिंगे तपासतो, पाठीवरून हात फिरवून वजनाचा अंदाज बांधतो आणि मगच भावाला तोंड फोडतो. जे डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते त्याचीच किंमत असते. बकऱ्याचा आजा-पणजा कोण होता, हे सहसा कोणी विचारीत नाही.

जातिवंत मांजराच्या बाजारात याच्या उलट प्रकार आहे. दोन पिल्ले शेजारी-शेजारी ठेवली. दोन्ही पांढरी, दोन्ही केसाळ, दोघांचेही नाक सारखेच बसके. एकाचे बारा हजार सांगतात, दुसऱ्याचे चाळीस. फरक पिल्लात दिसत नाही, तो कागदात असतो. हा कागद म्हणजे नेमके काय, खऱ्या-खोट्याची पारख कशी करावी, आणि या शौकाच्या बाजारात आमच्या छोट्या व्यापाऱ्याच्या व कारागिराच्या हाती काही लागण्यासारखे आहे काय, हे पाहावे म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही मुंबईच्या उपनगरात भरलेल्या एका मांजर प्रदर्शनाला गेलो.

बरोबर धारावीचे एक स्नेही होते. शाळेच्या बॅगा शिवण्याचा त्यांचा सहा मशीनचा कारखाना आहे. एप्रिल ते जून हा त्यांचा हंगाम. हिवाळ्यात निम्म्या मशीनवर कापड टाकून ठेवावे लागते. सातवीतल्या मुलीने पर्शियन मांजराचे पिल्लू मागितले होते, आणि नेमकी त्याच महिन्यात त्यांची साठ हजारांची भिशी लागली होती. मोहल्ल्यातल्या कोणीतरी त्यांना हिशेब करून दिला होता: एक नर, एक मादी, वर्षाला दोन वेत, वेताला चार पिल्ले, पिल्लामागे बारा हजार. म्हणजे पहिल्याच वर्षी शहाण्णव हजार. मुलगीही खूष आणि घरबसल्या जोडधंदाही. कागदावर हिशेब बिनचूक होता. आम्हाला मात्र इमूची आठवण झाली. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत इमू पाळण्याची जी लाट आली होती ती २०१२ च्या सुमारास फुटली. तोपर्यंत इमूच्या जोडीला भाव मिळत होता तो फक्त दुसऱ्या इमू पाळणाऱ्याकडून. खाणारे गिऱ्हाईक बाजारात नव्हतेच. म्हणून आम्ही स्नेह्यांना म्हटले, "भाई, पैसे खिशातच राहू द्या, आधी बाजार पाहू."

सभागृहातील देखावा

दारातच एक पशुवैद्य टेबल मांडून बसले होते. प्रत्येक मांजराची लसींची नोंदवही पाहून, कान, डोळे, कातडी आणि नखे तपासूनच ते त्याला आत सोडत होते. आत ओळीने पिंजरे. कोणी त्यांना मखमली पडदे लावलेले, कोणी आत छोटी गादी घातलेली. जनावरांच्या बाजाराची सवय असलेल्या माणसाला पहिली गोष्ट जाणवते ती शांतता. ओरडा नाही, बोली नाही. पिंजऱ्या-पिंजऱ्यावर 'हात लावू नये' अशी पाटी. आमच्या स्नेह्यांना हा श्रीमंती तोरा वाटला. पण कारण व्यवहाराचे आहे. पॅनल्यूकोपेनिया नावाचा मांजरांचा एक रोग आहे. त्यात लहान पिल्ले दोन-चार दिवसांत दगावतात, आणि त्याचे विषाणू माणसाच्या हाता-कपड्यांवरून एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात जातात. शंभर हातांनी कुरवाळलेले पिल्लू घरी नेऊन आठवड्याभरात पुरावे लागले, अशी उदाहरणे मांजर पाळणाऱ्या कुठल्याही घरी ऐकायला मिळतील. जो विक्रेता कोणालाही पिल्लू हातात घेऊ देतो तो मनमोकळा नव्हे, बेफिकीर आहे असे समजावे.

परीक्षण पाहण्यासारखे असते. मांजर टेबलावर येते, परीक्षक हात आणि टेबल जंतुनाशकाने पुसून घेतात, मांजराला लांब करून धरतात, शेपटीचे हाड बोटांनी चाचपतात, जबडा पाहतात, पिसाचे खेळणे नाचवून नजर कशी आहे ते बघतात. मालकाने मध्ये बोलायचे नसते. मांजर चावले तर बाद. आमच्या स्नेह्यांना वाटत होते की पर्शियनची सारी शान केसांत आहे. प्रत्यक्षात अमेरिकेच्या कॅट फॅन्सिअर्स असोसिएशनच्या कोष्टकात पर्शियनच्या शंभर गुणांपैकी केसांना फक्त १० आहेत. डोके, डोळ्यांचा आकार व कान यांना मिळून ३०, अंगाच्या बांध्याला २०, रंगाला २०, डोळ्यांच्या रंगाला १०, आणि उरलेले १० तोल व नजाकत यांना. आमच्या बाजारात मात्र 'ट्रिपल कोट' म्हणून केसांचाच भाव वाढवून सांगतात. म्हणजे ज्याला परीक्षक दहावा हिस्सा देतो त्याचेच आपण निम्मे पैसे मोजतो.

अशी प्रदर्शने भरवण्याची पद्धत इंग्लंडची. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर या चित्रकाराने पहिले मोठे प्रदर्शन भरवले. मांजराकडे लोकांनी आपुलकीने पाहावे, हा त्याचा हेतू. १८८७ मध्ये नॅशनल कॅट क्लब निघाला आणि वीअर त्याचा पहिला अध्यक्ष झाला. पण सभासदांना मांजरांच्या भल्यापेक्षा बक्षिसांचीच ओढ अधिक आहे, असे दिसल्यावर तो त्यातून बाहेर पडला. हा रोग तेव्हापासूनचा आहे.

एक गोष्ट मात्र आम्हाला मनापासून आवडली. जातिवंतांच्या बरोबरीने साध्या घरगुती मांजरांसाठीही वेगळा वर्ग होता. त्यात वंशावळ विचारीत नाहीत. तब्येत, स्वच्छता आणि स्वभाव पाहतात. मुंब्र्याहून आलेली एक कॉलेजची मुलगी गटारातून उचललेले पट्टेरी मांजर घेऊन बसली होती आणि त्याला फीत मिळाली होती. आपल्या देशी मांजराची 'इंडिमाऊ' या नावाने वर्ल्ड कॅट फेडरेशनच्या दप्तरी जात म्हणून नोंदही झालेली आहे, ही गोष्ट तिनेच आम्हाला ऐकवली, आणि ती ऐकवताना तिची मान जरा ताठ झाली होती.

नावे एक, गावे भलतीच

या धंद्यात नावावर जाऊ नये. 'बॉम्बे' नावाची काळी कुळकुळीत मांजराची जात आहे. तिचा मुंबईशी काडीचा संबंध नाही. अमेरिकेतील केंटकी राज्यात १९५८ च्या सुमारास एका बाईंनी ती तयार करायला घेतली, आणि काळ्या बिबळ्यासारखी दिसते म्हणून नाव हिंदुस्थानातले दिले. 'बेंगॉल' जातही बंगालची नव्हे. वाघाटीसारख्या दिसणाऱ्या रानमांजराच्या शास्त्रीय नावात 'बेंगालेन्सिस' हा शब्द आहे, त्यावरून ते नाव पडले. हे रानमांजर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा "अगदी जंगली रक्ताचे आहे" म्हणून कोणी जास्त पैसे मागू लागला तर तिथून चालू लागावे.

खुद्द पर्शियनची हकीकतही तशीच आहे. इटलीचा प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याने १६२० च्या सुमारास खुरासानकडची लांब केसांची मांजरे युरोपला नेली, असे सांगतात. पण मांजरांच्या जनुकांचा जो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात आजच्या पर्शियनचे नाते इराणकडच्या मांजरांपेक्षा पश्चिम युरोपच्या मांजरांशी अधिक जवळचे निघाले. नाव इराणचे, घडण विलायतेची. गालिच्याच्या व्यापाऱ्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही.

मुंबईच्या बाजारात पर्शियनचे भाव तोंडावरून ठरतात. नाक थोडे लांब असेल तर 'डॉल फेस', बसके असेल तर 'सेमी पंच', डोळ्यांच्या रेषेत दाबलेले असेल तर 'पंच' आणि त्याहून आत गेले तर 'एक्स्ट्रीम पंच'. ही विभागणी बाजाराची आहे, कुठल्याही नोंदवहीतली नाही. डॉल फेस दहा-बारा हजारांत मिळते, पंचला पंचवीस-तीस हजार सहज मागतात. गंमत अशी की नाक जितके आत जाईल तितका भाव वर जातो आणि मांजराचा श्वास खाली जातो. अशा मांजरांचे डोळे सतत पाझरतात, दात नीट जुळत नाहीत, उन्हाळ्यात ती धापा टाकतात आणि मादीची बाळंतपणे अडतात. मुंबईच्या मे महिन्यात असे मांजर पाळायचे तर खोलीला एसी हवा. ज्या घरात माणसांना पंखा पुरत नाही त्या घरात एक्स्ट्रीम पंच नेणे आमच्या मते जनावरावर जुलूम आहे.

कानांची घडी पडलेल्या स्कॉटिश फोल्डचीही सध्या मोठी मागणी आहे. ज्या दोषामुळे कान दुमडतो तोच दोष हाडे आणि सांधे आखडवतो. म्हणून तर ब्रिटनच्या जीसीसीएफ या नोंदणी मंडळाने फार पूर्वीच या जातीची नोंदणी बंद केली. दिसायला गोंडस, पण हे दुखणे पैसे देऊन घरी आणण्यात शहाणपण नाही.

कागद म्हणजे काय

खऱ्या वंशावळीच्या कागदावर पिल्लाचे नाव, जन्मतारीख, लिंग, रंग, नोंदणी क्रमांक, पैदास करणाऱ्याचे नाव आणि आई-बापापासून वरच्या तीन-चार पिढ्या नाव-क्रमांकासह लिहिलेल्या असतात. हा कागद विक्रेता स्वतः छापीत नाही; ज्या क्लबकडे आई-बापांची नोंद आहे तो क्लब देतो. आता याच्या जोडीला मायक्रोचिप आली. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप खांद्याजवळ कातडीखाली टोचतात. यंत्र फिरवले की पंधरा आकडी क्रमांक दिसतो. कागदावरचा क्रमांक आणि यंत्रावरचा क्रमांक एक असेल तरच कागद त्या मांजराचा. नाहीतर एका कागदावर चार पिल्ले विकण्याची सोय हुशार माणसांनी केव्हाच शोधून काढली आहे. सोनाराकडे हॉलमार्कचा क्रमांक पडताळल्याशिवाय आपण दागिना घेत नाही. इथेही यंत्र मागावे. खरा विक्रेता रागावत नाही.

कागद वंश सांगतो, तब्येत सांगत नाही. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा एक आनुवंशिक विकार आहे, पीकेडी. आई-बापांपैकी एकाकडे जरी असला तरी निम्म्या पिल्लांत उतरण्याचा संभव असतो. पिल्लू लहानपणी ठणठणीत दिसते आणि पुढे काही वर्षांनी मूत्रपिंडे निकामी होतात. २००४ मध्ये यामागचे जनुक सापडले, तेव्हापासून गालाच्या आतून कापसाने नमुना घेऊन तपासणी करता येते. तेव्हा आई-बापांचा पीकेडी अहवाल पाहिल्याशिवाय पर्शियन घेऊ नये. दुसरी तपासणी कोणीही करू शकेल: केस बाजूला करून कानामागे, तोंडाभोवती, पायांवर गोल टक्कल किंवा कोंडा आहे काय ते बघावे. तो नायटा असतो, पर्शियनमध्ये फार आढळतो, आणि पहिल्याच आठवड्यात घरातल्या मुलांच्या अंगावर येतो.

आणखी एक सापळा. पांढरा, काळा, नारिंगी अशा तीन रंगांचा बोका म्हणून "लाखात एक, पैदाशीला उत्तम" असे सांगून कोणी मोठी रक्कम मागतो. तीन रंगांची मांजरे बहुतेक सगळी माद्याच असतात हे खरे, असा नर दुर्मिळ हेही खरे. पण जो निघतो तो जवळजवळ नेहमी वांझ असतो. पैदाशीसाठी त्याची किंमत शून्य.

वयाचेही पाहावे. प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये केलेल्या नियमांनुसार दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. जीसीसीएफ तर तेरा आठवड्यांपूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये असे सांगते, कारण तोवर लसींचे दोन्ही डोस होतात आणि पिल्लू मातीच्या तसराळ्यात शौच करायला, खेळायला, माणसात वावरायला आईकडूनच शिकते.

माल आमचा, अट तुमची?

प्रदर्शनात ठाण्याच्या एका बाईंची ओळख झाली. वय साठीच्या घरातले, पंचवीस वर्षांहून अधिक काळ मांजरे पाळतात. त्यांच्या दोन भाट्या आणि एक बोका प्रदर्शनात होते. आम्ही पिल्लू शोधतो आहोत म्हटल्यावर त्यांनी किंमत सांगितली नाही, उलट आमच्या स्नेह्यांचीच झडती घेतली. घर कितव्या मजल्यावर? खिडक्यांना जाळी आहे का? दिवसभर घरी कोण असते? याआधी मांजर होते का, आणि ते कशाने गेले? आमचे स्नेही हळूच आम्हाला म्हणाले, "आम्ही पिल्लू घ्यायला आलो की मुलीचे स्थळ पाहायला?"

मग जोडीचा विषय निघाला. बाईंनी पर्समधून एक वही काढली आणि त्या वर्षाचा ढोबळ हिशेब समोर ठेवला. दोन माद्या, एक-एक वेत, सात पिल्ले. एक चौथ्या दिवशी गेले, एक घरी ठेवले, पाच पंचवीस हजारांनी गेली: सव्वा लाख. चार मोठ्या मांजरांचे खाणे आणि तसराळ्याची माती महिना नऊ हजार, वर्षाचे एक लाख आठ हजार. लसी, डॉक्टर आणि एका मादीचे सिझेरियन चौतीस हजार. नोंदणी, चिप, तपासण्या, प्रदर्शनाची फी व प्रवास एकवीस हजार. एकूण एक लाख त्रेसष्ट हजार. "अडतीस हजार घरातून घातले, भाई," त्या म्हणाल्या. "आणि रात्री-बेरात्री उठून पिल्लांना ड्रॉपरने दूध पाजले त्याचे काही लावलेले नाही."

"ताई, मग लोक कमावतात कसे?" स्नेह्यांनी विचारले.

"तपासणी करायची नाही, चिप लावायची नाही, मादीला वर्षात तीनदा विणवायचे आणि पिल्लू दीड महिन्याचे असताना विकायचे. मग उरतात पैसे."

स्नेह्यांनी तरीही नेट सोडला नाही. बाईंकडे तीन आठवड्यांची चार पिल्ले होती. त्यांतली एक निळसर राखाडी मादी अठरा हजारांना, पण एका अटीवर: वय झाले की तिची नसबंदी करायची आणि तसा डॉक्टरांचा दाखला दाखवल्यावरच वंशावळीचा कागद हातात मिळणार. पैदाशीच्या हक्कासह तीच मादी चाळीस हजारांना, आणि तीही त्या ओळखीच्या, नोंदणी असलेल्या माणसालाच देणार. इथे आमच्या स्नेह्यांतला व्यापारी जागा झाला. "पैसे मोजल्यावर माल माझा. मी त्याचे काय करायचे ते तुम्ही कोण सांगणार?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या बॅगेवर तुमच्या कारखान्याचे नाव असते ना? उद्या मी ती विकत घेऊन, उसवून, तुमचेच लेबल लावून हलक्या कापडाच्या दहा बॅगा बाजारात आणल्या तर?"

स्नेह्यांना उत्तर सुचले नाही. आमच्या मते बाईंची बाजू बरोबर होती. कागदावर त्यांचे नाव जाते. पुढे चार पिढ्या त्या पिल्लांच्या मूत्रपिंडांचा दोष त्यांच्या नावावर लिहिला जातो. अठरा आणि चाळीस यांतला बावीस हजारांचा फरक पिल्लाचा नाही, त्या नावाच्या जोखमीचा आहे. नसबंदीबद्दल काही वाचकांच्या मनात शंका येईल. हनफी फिकहमध्ये जनावराला खस्सी करण्याची, त्यात फायदा असेल तर, मुभा आहे. खस्सी बकऱ्याची कुर्बानी तर आपण सारे जाणतोच.

मुळात मांजर विकणे जायज आहे काय, हाही प्रश्न आमच्याकडे अनेकदा येतो. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये कुत्रा आणि मांजर यांच्या किंमतीला मनाई आहे. चारही मजहबांच्या बहुसंख्य फुकहांनी पाळीव मांजराची खरेदी-विक्री जायज मानली आहे आणि त्या मनाईचा अर्थ नापसंती किंवा बिनउपयोगी रानटी मांजर असा घेतला आहे. इब्नुल-कय्यिम यांच्यासारखे काही उलमा मात्र मनाई जशीच्या तशी धरतात. ज्याला हा धंदाच करायचा आहे त्याने आपल्या आलिमांना विचारूनच पाऊल टाकावे. मतभेद नाही तो दुसऱ्या गोष्टीत. मदिनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घालून हुजूर (स.) यांनी आतला ओलावा वर काढला होता आणि तो लपवणाऱ्याला खडसावले होते. नायट्यावर पावडर मारून पिल्लू विकणे त्याच राशीतले आहे.

आगाऊ नोंदणीचा प्रकारही तपासून पाहण्यासारखा आहे. मादी गाभण आहे, पिल्लू पोटात आहे, आणि पूर्ण रक्कम आधीच घेतली जाते. किती होतील, नर की मादी, जगतील की नाही, कशाचाच पत्ता नाही. न जन्मलेल्या जनावराच्या अशा सौद्याला हदीसमध्ये स्पष्ट मनाई आहे, कारण त्यात धोका आहे. आणि केवळ व्यवहार म्हणून पाहिले तरी भांडणे नेमकी इथेच होतात. विसाराचेही तसेच. सौदा मोडला तर विसार बुडाला, ही आपल्या बाजाराची रीत हंबली मजहबात चालते. हनफी, शाफई आणि मालिकी तिला मान्य करीत नाहीत.

पिशवी आणि खांब

आम्ही बाईंशी बोलत होतो तेव्हा आमचे स्नेही गायब झाले. शोधले तर ते बाहेरच्या स्टॉलवर मांजर नेण्याची एक पिशवी उलटी करून तिची शिवण पाहत होते. माल चीनचा. किंमत अडीच हजार. त्यांनी खिशातून टेप काढली, तळ मोजला, जाळीत बोट घातले आणि म्हणाले, "ही जाळी मांजराच्या नखाला दोन महिने टिकणार नाही. चेन आतून पंजाने उघडते, तिला अडकवायला हूकच नाही. तळाला पुठ्ठा घातलाय, एकदा ओला झाला की संपला."

आमच्या दृष्टीने त्या दिवसाची खरी कमाई ही होती. पिल्लू विकणारा तोट्यात असेल, पण पिल्लू घरी गेले की पंधरा वर्षे त्याला काही ना काही लागत राहते. विमान कंपन्यांपैकी काहींनी मांजराला माणसाबरोबर केबिनमध्ये न्यायला मुभा दिल्यापासून (आकासा एअरने २०२२ मध्ये ही सोय सुरू केली) मऊ, हवेशीर, सीटखाली बसणाऱ्या पिशवीला मागणी आहे. स्टॉलवरचा जाणकार सांगत होता की जाळी बारीक विणीची आणि दुहेरी हवी, चेनच्या सरकपट्टीला अडकवण हवे, तळ धुता येईल असा पत्र्यासारखा प्लॅस्टिकचा आणि आतले अस्तर सुटे हवे. यातले एकही काम धारावीतल्या कारागिराला अवघड नाही.

सुतारांसाठीही इथे काम आहे. मांजराला नखे घासायला खांब लागतो. बाजारातले बहुतेक खांब दीड-दोन फुटांचे असतात. मोठे मांजर पूर्ण अंग ताणून उभे राहते, तेव्हा त्याला तीन फुटांच्या आसपास उंची आणि न हलणारा जड तळ हवा. एकदा खांब डळमळला की मांजर तो सोडून सोफ्याकडे वळते. वर घायपाताचा सुंभ घट्ट गुंडाळलेला असला की झाले. तसराळ्याची माती म्हणजे बेंटोनाइट ही चिकणमाती आपल्या कच्छमध्येच निघते. रंगीत पिशवीत भरून परदेशी नावाने आली की तिचा भाव वाढतो. घाऊक आणून मोहल्ल्यात पाच-पाच किलोने घरपोच देणारा एखादा तरुण यात पोट भरू शकेल, पण जागा आणि वाहतूक यांचा हिशेब आधी मांडावा, कारण माल जड आणि नफा हलका.

संध्याकाळी निघण्याआधी स्नेह्यांनी राखाडी मादीची बोलणी पक्की केली, नसबंदीच्या अटीसह. वहीच्या पानावर लिहिले गेले ते असे: पिल्लू जन्मलेले, पाहिलेले आणि निश्चित केलेले आहे. अठरा हजारांपैकी दोन हजार आता, बाकी पिल्लू हाती येताना. तेरा आठवडे पूर्ण झाल्यावर, लसींचे दोन्ही डोस आणि चिप झाल्यावर ताबा. आई आणि बाप दोघांचे पीकेडी अहवाल त्या वेळी दाखवायचे. ताबा घेतल्यापासून तीन दिवसांच्या आत खरेदीदाराने आपल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायची, दोष निघाल्यास पिल्लू परत आणि पैसे परत. दोन्हीपैकी कोणीही सौदा मोडला तर दोन हजार जसेच्या तसे परत. बाईंनी शेवटच्या ओळीला थोडी का-कू केली. मग म्हणाल्या, "इतकी वर्षे मी टोकन परत दिलेले नाही. पण तुम्ही खिडकीला जाळी बसवणार असाल तर लिहा." जाळीची ओळही लिहिली, आणि दोघांनी सह्या केल्या.

भिशीच्या उरलेल्या बेचाळीस हजारांपैकी काही रक्कम बारीक विणीच्या जाळीच्या एका गठ्ठ्यात आणि पिशव्यांच्या पंधरा नमुन्यांत गेली आहे. पहिले पाच नमुने ठाण्याच्या बाईंनी आपल्या बोक्याला बसवून पाहण्यासाठी मागून घेतले आहेत.